मसाल्याच्या डब्यातले बोल्ट

गेल्या शनिवारी बदनापूरला आमच्या अंगणात पिकअपचं इंजिन साखळीला लटकलेलं होतं, आणि मी स्वयंपाकघरातून सारखी बाहेर डोकावत होते. साखळी तुटली तर काय... दुसरा विचारच डोक्यात येत नव्हता.

झालं असं, की संदीपची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पिकअप भर रस्त्यात बंद पडली. इंजिन पूर्ण जाम. गॅरेजमध्ये इतक्यात नंबर लागणार नव्हता. आणि ज्या व्यापाऱ्यांचा भाजीपाला तो रोज जालन्याच्या मार्केटला नेतो, त्यांनी गोड शब्दांत सांगून टाकलं, सोमवारी गाडी आली तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरी लावतो. आमचं घर त्या एका भाड्यावर चालतं हो.

मग यानं त्याच मॉडेलचं, जुनं पण चांगलं इंजिन शोधून आणलं आणि घरीच बदलायचं ठरवलं. सोबतीला शाळेपासूनचा दोस्त सलीमभाई. ते गॅरेजमध्येच काम करतात, तिथून तीन पाइपांची तिवई आणि चेनपुली मागून घेऊन आले. मी भरपूर कटकट केली. अंगणात इंजिन बदलताय, उद्या विहीरही इथंच खणा म्हणाले. माझी जीभ तिखट आहे, हे माहेरचेही मान्य करतात.

पण त्या दोघांना काम करताना बघितलं आणि माझी कटकट थांबली. एवढं जड धूड, पण बाळाला पाळण्यातून उचलावं तसं त्यांनी ते अलगद बाहेर काढलं. ना आरडाओरडा, ना घाई. एकानं नुसतं बघितलं की दुसऱ्याचा हात बरोबर पान्यावर जायचा.

संदीपनं माझा जुना मसाल्याचा डबा मागून घेतला होता. हळदीच्या वाटीत गिअरबॉक्सचे बोल्ट, जिऱ्याच्या वाटीत स्टार्टरचे, मोहरीच्या वाटीत इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनचे... दिसायला सगळे भाऊ भाऊ, पण लांबी वेगळी. मी विचारलं, एवढा थाट कशाला?

"वहिनी, लांब बोल्ट चुकून छोट्या भोकात कसला, तर केसिंग फुटली समजा," सलीमभाई म्हणाले. "मंग हे इंजिन बी भंगारात."

आमच्या सासूबाई हे सगळं ओट्यावरच्या खुर्चीतून बघत होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आम्ही त्यांना कशालाच हात लावू देत नाही. ज्या बाईनं आयुष्यभर घर ओढलं, तिला दिवसभर फक्त 'बसा, बसा' ऐकावं लागतं. त्या दिवशी त्या संदीपला म्हणाल्यासुद्धा, "मला बी काही काम सांगत जा की रे." तो हसून हो म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली शिरला.

रविवारी दुपारी दुसरं इंजिन जागेवर टेकलं. आता फक्त बोल्ट कसायचे राहिले होते. दोघं ऑइल आणायला गेले, मी किराणा आणायला. आम्ही तिघं फाटकात एकदमच पोचलो...

डबा घासूनपुसून उन्हात उपडा घातलेला. शेजारी जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर सगळे बोल्ट, एकाच ढिगात! साबणानं घासलेले, पुसलेले, गंजू नयेत म्हणून वर खोबरेल तेलाचा हात फिरवलेला.

"केवढे मळले व्हते रे," सासूबाई म्हणाल्या. "आता बघ, कसे चमकून राह्यले!" चेहरा इतका खुललेला, की ऑपरेशननंतर मी त्यांना असं बघितलंच नव्हतं.

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, आणि ते चांगलं नव्हतं. तेवढ्यात संदीपनं माझ्याकडे एकदाच बघितलं... मी ते वाक्य गिळलं.

"लई भारी केलंस, माय," तो म्हणाला. "आता एक काम कर. सुपात घे आन् लांबीपरमाणं निवडून दे."

तांदूळ निवडणारे हात ते. भराभर लांब, मध्यम, आखूड असे ढीग पडायला लागले. संदीप आणि सलीमभाई एकेक बोल्ट घेऊन कोपऱ्यात पडलेल्या जुन्या इंजिनाच्या भोकांत हातानं फिरवून बघायचे. जो शेवटच्या आट्यापर्यंत नीट बसेल, तो त्या जागेचा. किचकट काम होतं. पण त्या दोघांच्या तोंडून एक 'च्च' निघाला नाही, उलट मध्येच चहाची फर्माईश आली.

दिवस मावळायच्या आत संदीपनं चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली, काळा धूर सोडला आणि मग जी चालू झाली... सलीमभाईंनी आधी सासूबाईंच्या पायांना हात लावला. सोमवारी भाजी वेळेवर मार्केटला पोचली.

तेव्हापासून सासूबाई गल्लीत सांगतात, मी बोल्ट घासले म्हणून गाडी सुरू झाली. आणि संदीप शेजारी उभा राहून म्हणतो, "बराबर!"

काल शेंगा सोलताना मी सहज त्या बोल्टांवरून सासूबाईंचं कौतुक केलं. त्या हसल्या. हळूच म्हणाल्या, "मला काय समजत न्हाई व्हय, मीरा? सलीमनं कपाळाला हात लावला तवाच समजलं, आपुन घोळ केला. पर लेक एवढा हसून बोलला... मंग म्हनलं, त्याचं मन कशाला मोडायचं?"

मी माझ्या वाटणीच्या शेंगाही त्यांच्यापुढे सरकवल्या.

संदीप फेसबुकवर नाही, म्हणून हे इथं लिहायची हिंमत केली. ओळखीचं कुणी वाचत असेल तर हात जोडून विनंती, त्याला सांगू नका. त्याला वाटतं आईला कळलंच नाही, आणि आईला त्याला तसंच वाटू द्यायचंय... दोघांचंही राहू दे तसंच.