घोडीचं पथ्य

आमच्या घोडीला फाटकाची कडी वाजवायची सवय आहे. ओठात कडी धरायची, वर उचलायची आणि सोडून द्यायची. खण्ण! मग मान बाहेर काढून रस्त्याकडं बघत राहायचं, कोण येतंय का. सुरुवातीला मला वाटायचं पाहुणेच आले. पदर सावरत बाहेर यावं तर ही बया उभी, आणि तोंड असं की कितीक दिवसांची उपाशी!

भूकंपानंतर वसवलेलं आमचं गाव. रस्ते सरळ, प्लॉट ऐसपैस, कुणाच्या घराची भिंत कुणाच्या घराला लागत नाही. जुन्या गावात मी चुलीपुढं बसल्या बसल्या शेजारणीला मीठ मागायचे. इथं मीठ मागायचं म्हणजे पायात चप्पल घालावी लागते.

घोड्याचा नाद आमच्या मालकांचा. माळेगावच्या जत्रेतून ते हिला घेऊन आले तेव्हा मी बोलले होते, "आता किराणा आणायला घोड्यावर बसून जायचं का आमी?" ते नुसते हसले. पुढं ते गेले, पोरं पुण्याला गेली, आणि घोडी राहिली माझ्याकडं. का मी तिच्याकडं राहिले, कोण जाणे.

पण दाराला माणूस होतं, ते तिच्यामुळंच. गावच्या देवाच्या पालखीपुढं ती चालायची, म्हणून लोक तिला देवाचीच समजायचे. मग तिच्यापुढं रिकाम्या हातानं कोण येईल? कुणी गुळाचा खडा आणायचं, कुणी भिजवलेले हरभरे. सणावाराला पुरणाची पोळी. पोराला नोकरी लागली, सुनेला दिवस गेले, की आधी घोडीचं तोंड गोड. आणि ती खायची तोवर बायका माझ्याशी बोलायच्या. कुणाची बोअर कोरडी गेली, कुणाची लेक रुसून माहेरी आली, सगळं मला त्या फाटकावर कळायचं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली बाई तर दर सोमवारी महादेवाला जाऊन आली की यायचीच. गूळ घोडीला आणि गप्पा मला.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी कडी वाजली नाही.

जाऊन बघते तर घोडी पुढचे पाय लांब टाकून मागं रेललेली. तापल्या फरशीवर माणूस कसं उभं राहील, तशी. "चल गं" म्हणून ओढलं तर पाऊल उचलेना. खुराला हात लावला, तर तव्यासारखं गरम.

जनावरांचे डॉक्टर आले. तरुण आहेत, बोलायला चांगले. त्यांनी तिची मान दाबून बघितली. त्या भरल्या मानेचा मला लई अभिमान होता.

"आजी, खायला काय काय घालता?"

"कडबा. आणि लोक देतात ते."

"लोक काय देतात?"

मी सांगत गेले आणि ते कपाळाला हात लावत गेले. म्हणाले, "ही मान भरली न्हाय आजी, ही चरबी आहे. गोडानं आणि दाण्यानं खुराच्या आत सूज आलीय. असंच चाललं तर आतलं हाड फिरंल, मग ही परत उभी राहायची न्हाय. गूळ बंद, हरभरा बंद, पोळी बंद. एक खडासुद्धा न्हाय."

"मला माणसांच्या डॉक्टरनं हेच सांगितलंय," मी म्हणाले. "साखर हाय मला."

"मग दोघी मिळून पाळा पथ्य!"

सुई झाली, औषध झालं. पायाखाली वाळू टाकून घेतली. खुरांवर गार पाणी सोडायचं होतं, पण हिला पाण्याच्या पाइपची भारी भीती. साप समजते त्याला. मग मी पाटावर बसून तांब्या तांब्यानं पाणी ओतायचे. सकाळ आणि संध्याकाळ. ओतता ओतता तिच्याशीच बोलायचे. ती कान एकदा इकडं करायची, एकदा तिकडं.

त्यातच दसरा आला. दसऱ्याला घोड्याची पूजा, म्हणजे सगळं गाव आमच्या दारात. बायका ताटं घेऊन आल्या, पुरणपोळ्या, वर गूळ. मी फाटकात आडवी उभी.

"हळदकुंकू लावा, ओवाळा. पण खायला काय देऊ नका बायांनो. पाय धरलेत तिचे."

"एवढासा घास तर देऊ दे की मावशी!"

"एवढासा एवढासा करूनच पाय गेलेत."

एक म्हातारी बाई चिडली. "सणाचा निवद दारातून माघारी लावायलीस? तुझा मालक असता तर असं झालं असतं का?"

हे मात्र लागलं. पण मागं वळून बघितलं, तर घोडी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होती. मी म्हणाले, "मालक असते तर त्यांनी तुमाला फाटकापर्यंतबी येऊ दिलं नसतं." एकदोघी हसल्या. ताटं झाकून सगळ्या माघारी गेल्या. त्या दिवशी घोडीच्या कपाळाला कुंकू मात्र लई होतं, अगदी डोळ्यापर्यंत.

त्यानंतर कुणी आलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. रस्त्यात भेटलं की "पाय कसं हायती आता?" विचारायचे. फाटकाकडं मात्र कुणी वळेना. सोमवारी दुकानातली बाई महादेवाहून पलीकडच्या रस्त्यानं घरी जायला लागली. शेवटी मीच साबण आणायच्या निमित्तानं तिच्या दुकानात गेले.

"येत न्हाईस आता?"

"यायचं हाय अक्का," ती वजनकाट्यावरची धूळ पुसत म्हणाली. "पण रिकाम्या हातानं कसं यावं? ती हाताचा वास घेती, उलटून पालटून बघती. मला लई ओशाळल्यावानी होतं बघा."

माझ्याही हाताचा ती तसाच वास घ्यायची.

घरी आले. डब्यात गुळाची ढेप होती. चिमूटभरच, खुराला काय कळणार, असं मनात आलंच. एका खड्यानं फाटक परत भरलं असतं. खडा फोडून हातात घेतला, अंगणापर्यंत गेलेसुद्धा. घोडीनं वासावर मान वर केली आणि माझ्याकडं यायला पाऊल टाकलं. टाकताना अशी थरथरली की मी खडा तसाच मुठीत धरून आत आले. ढेप पोरांसाठी बांधून ठेवली, येतील तेव्हा नेतील.

थंडी पडली तसे तिचे पाय निवत गेले. आधी वाळूतल्या वाळूत फिरायला लागली, मग अंगणभर. आणि एका सकाळी मी चहा गाळत होते, तर खण्ण! हातातली गाळणी तशीच घेऊन पळाले बाहेर. घोडी फाटकाशी उभी, मान बाहेर, रस्त्याकडं बघत. रस्ता रिकामा. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी हात पुढं केला, तिनं वास घेतला, ओठानं चाचपला. काही नव्हतं. तरी तोंड तिथंच ठेवून उभी राहिली.

त्या दिवशी मी मालकांचा घोडीचं अंग घासायचा खरारा शोधून काढला, पुसला, आणि सुतळीनं फाटकाला बाहेरच्या बाजूनं टांगला. म्हटलं, येणाऱ्याच्या हातात काहीतरी पाहिजे ना, मग हे घ्या, दोन हात फिरवा तिच्या पाठीवरून. दुकानातल्या बाईला सांगून आले. एका सोमवारी ती आली. पदर खोचून तिनं थोडा वेळ खरारा केला, घोडीनं डोळे मिटून घेतले. "हे बरं हाय की अक्का," म्हणाली. पुढच्या सोमवारी तिच्या दुकानात माल उतरत होता.

खरारा टांगलेला आहे. वाऱ्यानं फाटकावर वाजतो, तेव्हा घोडी कान टवकारते आणि मीही. कडी रोज वाजते. आता मला ठाऊक असतं की कुणी आलेलं नाही. तरी मी आतून "आले गं, आले" म्हणते आणि बाहेर जाते.