जुईला गेटला बांधलं तो दिवस

"कुत्री बाहेर, ताई. हॉलमध्ये नवं कार्पेट आहे."

पेणला, रामवाडीतल्या एका हॉलच्या पायरीवर मी उभी होते. आत माझाच सत्कार होता. डोळ्यांनी दिसत नसूनही रोह्यात रोज एकटी कारखान्यात टेलिफोनच्या कामाला जाते, म्हणून. एकटी? मी जुईबरोबर जाते. जुई माझी वाट दाखवणारी कुत्री. तिच्या पाठीवरच्या पट्ट्याची मूठ माझ्या हातात असते. खड्डा, गटार, आडवी बसलेली म्हैस, सगळं त्या मुठीतून कळतं.

हे मी फोनवर आधीच सांगितलं होतं. ती कुठे बसेल, पाणी कधी लागेल, कुणी हात लावायचा नाही. क्रमवार. मंडळाचे अध्यक्ष "हो हो" म्हणाले होते. आता म्हणाले, "थोड्या वेळाचा तर प्रश्न," आणि मी नाही म्हणेपर्यंत मूठ हातातून गेली. कुणीतरी दंड धरून मला स्टेजवर नेलं. हरवलेलं मूल नेतात तसं.

"यांना चहात साखर चालते का?" एका बाईंनी विचारलं. शेजारणीला. माझ्याबद्दल.

रोह्यात भटकी कुत्री जुईच्या वाटेत येऊ नयेत म्हणून इस्त्रीवाला पाण्याची बाटली घेऊन दारात उभा असायचा. मासळीवाली पारूमावशी पाटीमागून ओरडायची, "हाड! तुमच्या बापाची वाट हाय काय? ताईला जाऊं द्या!" कुणी सभा घेतली नव्हती. भाषण नव्हतं. करत होती माणसं.

पेणचे अध्यक्ष माईकवर माझ्या जिद्दीबद्दल बोलत असताना बाहेर जुई ओरडली.

ती कधीच ओरडत नाही. मी उठले. "बसा ताई, मंडळाची पोरं आहेत तिथं." खांद्यावर हात. मी सत्काराची शाल काढून त्या हातांवर टाकली आणि निघाले. खुर्च्यांवर आपटत, लोकांचे पाय तुडवत. वाट कुणी दिली नाही.

पोरं नाश्त्याला आत आली होती. भटक्या कुत्र्यांनी जुईला घेरलं होतं. गेटला बांधलेली, म्हणून पळता आलं नाही. चावायचं नाही असं शिकवलेलं, म्हणून चावली नाही. माझ्या बोटांना तिचा कान लागला. ओला. फाटलेला.

"कुत्रीच ती. भरून येईल," मागून कुणी म्हणालं.

कान भरला. जुई नाही. पट्टा उचलला की ती कॉटखाली शिरते. फरशीवर तिची नखं थरथरतात, ती मला ऐकू येतात. मी पट्टा खाली ठेवते.

आता कारखान्याच्या गेटपर्यंत पारूमावशी सोडते. "रडू नको गो. मी हाय ना. पन जुईसारखी गप नाय चालनार, आधीच सांगते." सगळी वाट ती बोलते. मी हसते. घरी आले की दार लावून घेते.

मध्ये अध्यक्षांचा फोन आला. "दुसरी कुत्री मिळवून देऊ. छान सोहळा करू."

"ती हॉलमध्ये येणार का?"

"बघू ना ताई. हॉलचे नियम असतात."

मी फोन ठेवला. प्रशिक्षण केंद्रात नाव मी स्वतः दिलंय. दुसरी येईल. हॉल असो, बँक असो, दवाखाना असो. जिथे तिला अडवाल, तिथे आम्ही दोघी दारातच उभ्या राहू. मी आत जाणार नाही. मागे फिरणार नाही. तुम्हाला जायचं असेल, तर अंग चोरून आमच्या बाजूने जा.