धवळ्यांची सुरुवात कोणी करावी

आमच्या महानुभाव घरांत लग्नाची गाणी, म्हणजे धवळे, विधवेनेही सुरू करावेत ही रीत कितपत पक्की होती? हा प्रश्न मला धाकट्या बहिणीच्या लग्नात पडला. त्याचे उत्तर माझ्या आठवणीपुरते येथे लिहितो.

अमेरिकेतील युद्धामुळे आमच्याकडच्या कापसाला चढा भाव आलेली ती वर्षे होती. मी अमरावतीस शाळेत शिकवीत असे. वडील नांदगाव खंडेश्वराजवळ शेती करीत. बहिणीला अकोल्याच्या एका कापूस-व्यापाऱ्याचे घर मिळाले. ते लोक महानुभाव पंथाचे नव्हते.

आमच्या घरी नवरीला पहिली हळद आत्या लावी व धवळेही तीच सुरू करी. ती बालविधवा होती. पंथ स्थापणाऱ्या स्वामींनी विधवांनाही उपदेशाचा अधिकार दिला आणि पंथातले पहिले धवळे एका विधवेनेच रचले, असे ती घरातल्या मुलींना सांगे. ती एक चरण म्हणे. इतर बायका पुढचा चरण म्हणून जोड देत.

वरपक्ष आदल्याच दिवशी येऊन उतरला होता. हळदीच्या वेळी आत्या चटईवर मधोमध बसली, तशा विहीणबाई म्हणाल्या, "काहून व बाई, शुभ कामात ह्या पुढं? अन् आमी वाजंत्री आनले ते कशाले?"

आत्या उठून कडेला बसली. आईने गाणे धरले, पण तिच्या तोंडून पहिला चरण सोडून एकदम जोडीचाच चरण आला. काकूने प्रयत्न केला. तिचेही तेच झाले. सगळ्याजणी आजवर जोडच देत आल्या होत्या. आरंभीचा चरण कोणालाच येईना.

"एवढ्या बाया, अन् सुरुवात येत नाही!" विहीणबाई हसल्या. "वाजवा रे!"

बहीण लहानच होती. तिने हळदीची वाटी सरळ दूर ढकलली. "आत्यानं म्हटल्याबिगर मी हळद लावून घेत नाही."

वाजंत्री थांबले. विहीणबाई आत्याला म्हणाल्या, "म्हना मंग. पन दाराआडून म्हना."

"आडून काहून? मी का चोरी केली? मधात बसून म्हनीन, नाही तं राहू द्या."

"अन् हळद?"

"हळद तुमी लावा. मले गानं पायजे."

विहीणबाईंनी बसल्या जागी थोडे सरकून चटईवर जागा केली.

तेव्हा माझे उत्तर असे की, आत्याने गाण्याचा अधिकार राखला, पण त्यासाठी हळदीचा सोडला. बहिणीने आत्याकडून घेतलेले दोन्ही चरण पुढे अकोल्यास नणंदांना शिकविले. तेथे सुरुवात कोण करी, हे मी विचारले नाही. माझी माहिती एका घराची आहे. वाचकांनी आपापल्या गावी हळदीला जाऊन धवळे कोण सुरू करते ते स्वतः पाहावे आणि माझे म्हणणे पडताळून घ्यावे.