दोघीही समुपदेशक

लिंबायतच्या समुपदेशन केंद्रात मी दीड वर्षं सीनियर मॅडमच्या शेजारी बसून नुसत्या नोंदी घेत होते. एकटीनं कोणाशी बोलायची परवानगी हवी, तर वार्षिक प्रशिक्षणात सगळ्यांसमोर दहा मिनिटांचं सत्र करून दाखवावं लागतं. मग प्रशिक्षक फॉर्मवर सही करतात. मागच्या वर्षी मी दहा मिनिटं मान डोलावली. शेरा मिळाला, ‘ऐकते छान, पण समोर कोणी आहे असं वाटत नाही.’

या वर्षी भूमिका चिठ्ठ्या उचलून ठरल्या. माझ्या चिठ्ठीवर ‘समुपदेशक’. समोर माझ्या आईच्या वयाची एक ताई, सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामगारांशी बोलणारी. ती खोटी क्लायंट होणार, असं मी धरून चालले.

“आज इथं यावंसं का वाटलं?” मी विचारलं.

“तुला काय वाटतं, का आले असेन?”

बोलायला तयार नसलेला क्लायंट. असे असतात.

“म्हणजे उत्तर माझ्याकडे आहे, असं तुम्हाला वाटतंय.”

“हं. आणि मी असं म्हटल्यावर तुझ्या पोटात काय झालं?”

हा तर मी विचारायचा प्रश्न. तेवढ्यात तिच्या मांडीवरची उघडी चिठ्ठी दिसली. तिच्यावरही ‘समुपदेशक’. आम्ही दोघी एकाच कोनात माना कलवून, चेहऱ्यावर तेच समजूतदार हसू घेऊन बसलो होतो.

सांगायला हवं होतं. पण मग सत्र रद्द, प्रशिक्षक संध्याकाळच्या गाडीनं बडोद्याला आणि माझी सही पुढच्या वर्षी. भरल्या हॉलमध्ये चूक दाखवण्यापेक्षा लबाडी सोपी वाटली.

“ताई, तुम्ही सारखं दुसऱ्यालाच विचारता,” मी हळूच म्हटलं. “तुम्हाला कोण विचारतं?”

“मला? नवरा म्हणतो, तुला तर सगळं कळतं. पोरगी म्हणते, मम्मी, माझ्याकडे क्लायंटसारखं बघू नको. चहात साखर किती घालू, एवढंसुद्धा कोणी विचारत नाही.”

“विरोध करणारा क्लायंट काय हुबेहूब वठवला,” प्रशिक्षक ताईला म्हणाले आणि त्यांनी माझ्या फॉर्मवर सही केली.

जागेवर जाताना ताई माझ्या कानाशी आली. “माझी चिठ्ठीबी तीच होती व माय. माझं सत्र तू खाल्लं. आता माझी सही कोण देईल?”

मला फार लाज वाटली. मी प्रशिक्षकांकडे गेले आणि म्हटलं, यांचं सत्र राहिलंय, आता मी त्यांची क्लायंट बनते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि आम्हाला पुन्हा बसवलं.

“मला सासूचा त्रास आहे,” मी सुरुवात केली. हॉल हसला. माझं लग्न झालेलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

“कोणती सासू?” ताईनं विचारलं.

“होणारी.”

“ठरलंय?”

“नाही.”

“आणि त्रास आधीच सुरू?”

एवढं विचारून ती गप्प बसली, अगदी आरामात. मी गप्प राहिले असते तर तिची सही गेली असती. म्हणून मी बोलत गेले. आधी सासूबद्दल. मग घरी मला सगळे ‘मुकी’ म्हणतात त्याबद्दल. मग प्रत्येक वाक्य मनात नीट जुळवून होईपर्यंत समोरचा विषय कसा बदलतो, त्याबद्दल.

वेळ संपली. प्रशिक्षकांनी पेन काढून ताईचा फॉर्म मागितला.

तिनं हातानंच त्यांना थांबवलं. “बोलू द्या तिला,” ती म्हणाली. “आत्ता कुठं सासू बाजूला झाली.”