एका पदराखाली

भाऊजींचं लायसन कसं वाचलं ते आमच्या घरात सगळेच सांगतात. प्रत्येक जण थोडं वेगळं सांगतो. सासूबाई तर ते सगळं लक्ष्मीवर घालून मोकळ्या होतात. मी कधी मधे बोलले नाही. पण कोर्टात उभी मी होते, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आमचं गाव नांदूरघाटाच्या अलीकडे, फाट्यापासून आत. लग्न होऊन आले तेव्हा घरात माझ्याशी आपणहून बोलणारे ते एकटेच. "वहिनी, मीठ कमी हाय," म्हणायचे आणि तरी भाकरी दोनदा मागून घ्यायचे. सासरे नव्हते. दसरा झाला की घराला कुलूप लावून सगळे ऊसतोडीला जायचे. भाऊजींचा जन्मच कारखान्याच्या तळावरचा, पाचटाच्या कोपीतला, म्हणजे झोपडीतला. लग्नानंतरचे दोन हंगाम मीही ह्यांच्याबरोबर कोयता धरला. थंडीत पहाटे मोळ्या वाहताना उसाची पानं गळ्याला कापायची, ते मला अजून नको वाटतं.

मग आमच्या भागात काळ्यापिवळ्या जीपा आल्या. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, मधल्या वेळात माणूस जाणार कसा? पाहता पाहता फाट्यावर जीपांची रांग लागायला लागली. तिथे गॅरेज असलेले एक चाचा होते. भाऊजी त्यांच्याकडे पाने-पक्कड धुऊन द्यायला जायचे, तिथेच गाडी शिकले. चाचांनी एक जुनी जीप घेतली आणि चावी भाऊजींच्या हातात दिली. म्हणाले, "देख बेटा, लायसन हाय तोवर गाडी तुझी. ज्या दिवशी लायसन गेलं, त्या दिवशी चावी मला आणून दे. बिगर लायसनचा माणूस मी बसवणार न्हाई."

त्या साली पहिल्यांदा ऊसतोडीची उचल वाटणारा मुकादम आमच्या दारात येऊन नुसता चहा पिऊन गेला. आमच्या घरचं कुणी जाणार नव्हतं.

पण लायसन सांभाळणं सोपं नव्हतं. जीपमध्ये माणसं बसवायची नऊ, बसायची चौदा-पंधरा. भाऊजींच्या शिटावरही एक माणूस असायचा आणि ते स्वतः अर्धे दाराबाहेर लटकून स्टेअरिंग फिरवायचे. सगळीच पोरं तशी चालवायची. पोलिसांनी धरलं की ते लायसन ठेवून घ्यायचे आणि पावती द्यायचे. मग तालुक्याला कोर्टाची तारीख. तिथे ड्रायव्हर पोरं रांगेत उभी राहायची. "गुन्हा कबूल?" "कबूल साहेब." दंड भरायचा, लायसन घ्यायचं, दुपारच्या फेरीला हजर. भाऊजी असे दोनदा कबूल होऊन आले होते. दुसऱ्या वेळेला साहेबांनी बजावलं होतं की पुन्हा दिसलास तर लायसन बंद करायला लिहीन. फाट्यावरच्या एका पोराचं तसं गेलंही होतं. तो त्या वर्षी उसाच्या ट्रकवर मोळ्या चढवायला गेला.

तिसऱ्यांदा धरलं ते महालक्ष्म्यांच्या सणाआधी.

आमच्या घरी लक्ष्म्यांचे मुखवटे मातीचे होते. एकीचा कान उडाला होता. जीप सुरू झाल्यापासून सासूबाईंच्या मनात पितळी मुखवटे घ्यायचे होते. भाऊजींनी अंबाजोगाईहून आणू म्हणून सांगितलं आणि आम्ही गेलो. सासूबाई, मी आणि शेजारची काकू. मुखवटे घेतले, ते ज्यावर बसवायचे त्या पत्र्याच्या दोन कोठ्या घेतल्या. आता ह्या न्यायच्या कशा? भाऊजी म्हणाले, "टपावर बांधतो."

सासूबाई तिथल्या तिथे थांबल्या. "लक्ष्मीला टपावर बांधतोस? तुझ्या बायकोला नेशील का टपावर?"

"मग शिटाखाली ठिवू."

"माणसांच्या पायापाशी? आरं, घरात यायलीय ती पहिल्यांदा. शिटावर बसून यील."

"आई, दोन शिटा जातेत माझ्या!"

"जाऊ दे."

आणखी एक रीत होती. उभ्या राहायच्या दिवसापर्यंत नव्या मुखवट्याचं तोंड बाहेरच्या माणसाला दाखवायचं नाही. म्हणून मी कोठ्यांवर मुखवटे बसवले, कुंकू लावलं आणि माझ्याजवळची जुनी जांभळी इरकल दोघींवरून मिळून पांघरली. एकच साडी होती, दोघींना पुरली. मागच्या बाकड्यावर त्या दोघी आणि समोर आम्ही तिघी. पुढे आणि मधे मिळून सहा गडी. म्हणजे नऊ माणसं. भाऊजी दहा वेळा मागे वळून बघत होते, दोन शिटांचं त्यांना फार लागलं होतं.

दिवे लागायच्या सुमाराला भुरभुर पाऊस सुरू झाला म्हणून मागचा ताडपत्रीचा पडदा सोडला. सासूबाईंना गाडी लागते, त्या नाकाशी लिंबू धरून डोळे मिटून बसल्या. काकूंना डुलकी लागली. मी पदर ओढून एका हाताने लक्ष्म्यांना धरून होते, कारण खड्डा आला की त्या एकमेकींवर कलायच्या.

मधेच गाडी थांबली. भाऊजी कागद घेऊन पुढे पोलिसांच्या गाडीकडे गेले. मागचा पडदा जरासा वर झाला, एका हवालदाराने आत पाहिलं आणि पडदा लगेच सोडला. तेवढंच. थोड्या वेळाने भाऊजी परत आले आणि गाडी चालू केली. घरी आल्यावर कळलं की अकरा माणसं म्हणून केस केली आणि लायसन ठेवून घेतलं.

"साहेबाला म्हणलं, नऊच हायेत, येऊन मोजा. तर म्हणले, मोजलेत, आता कोर्टात सांग," भाऊजी म्हणाले. मग एकदम हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "जन्मात एकदा गाडी कायद्यात भरली, वहिनी, अन् त्याच दिवशी धरली."

त्या वर्षी नव्या लक्ष्म्या उभ्या राहिल्या, पण घरात कुणाचं चित्त नव्हतं. पुरणाची पोळी भाऊजींनी दुसऱ्यांदा मागितली नाही. चावी अजून त्यांच्याकडे होती, पावतीवर गाडी चालत होती. चाचा काही म्हणाले नाहीत. मुकादम मात्र दसऱ्यानंतर पुन्हा एकदा चहा प्यायला आला आणि जरा जास्त वेळ बसला.

फाट्यावरची पोरं म्हणाली, कबूल होऊ नको. कोर्टाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून एक तरुण वकील बसायचे, त्यांच्याकडे भाऊजी गेले. परत आले तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो.

"वकील म्हणतेत, कबूल न्हाई म्हणून सांगू, पण साक्षीला माणूस पायजे," ते ह्यांना सांगत होते. "पोलिसांनी काय लिहिलंय माहितीय का? पुढं-मधी सहा गडी, ते बराबर हाय. अन् मागं म्हणं पाच बायका! आता आपल्या तिघी होत्या. दोघी कुठून आणल्या ह्यांनी?"

मी चुलीपाशी भाकरी थापत होते. पाच बायका. माझ्या डोळ्यासमोर तो पडदा वर झाला. मी पदर ओढून, सासूबाई पदर ओढून, काकू पदर ओढून, आणि समोर... मला हसू आलं. ते आवरेना. ह्यांच्यासमोर आणि सासूबाईंसमोर मी तोवर कधी मोठ्याने हसले नव्हते. भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"हिला काय झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"आत्या," मी सासूबाईंना म्हणाले, "त्या दोघी आपल्या लक्ष्म्या."

मग भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला आणि ताट सोडून तसेच अंगणात जाऊन दोन चकरा मारून आले.

दुसऱ्या दिवशी वकिलांचा निरोप आला की मुखवटे कोर्टात घेऊन या, साहेबांना दाखवू. सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. आमच्या लक्ष्म्या वर्षातून तीन दिवस बाहेर येतात, मग गव्हाच्या कणगीत जातात. "देवीला कोर्टात उभी करू? ती काय चोर हाय?" मग साक्ष द्यायची कुणी? सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. काकू तोवर कोयत्यावर निघून गेल्या होत्या. पुढच्या गड्यांना मागचं काही दिसलेलं नव्हतं. राहिले मी.

मी नाही म्हणाले. मला दुकानात जाऊन साखर मागायची झाली तरी घाम फुटायचा, कोर्टात कशी बोलू? भाऊजींनी जोर केला नाही. फक्त म्हणाले, "राहू द्या वहिनी. व्हईल ते व्हईल." आणि त्या संध्याकाळी त्यांनी माळ्यावरचा कोयता काढून पुसला. सकाळी मी ह्यांना म्हणाले, मी जाते.

कोर्टात पुकारा झाला तेव्हा मी पदर सावरून पुढे गेले. कारकुनाने माझं नाव विचारलं, ते सांगितलं. मग म्हणाले, "नवऱ्याचं नाव?"

नवऱ्याचं नाव आमच्याकडे असं चारचौघांत घेत नाहीत. कारकून पेन धरून थांबले. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग कारकून भाऊजींकडे वळले, "तू सांग रे, तुझा भाऊच ना?" भाऊजींनी सांगितलं आणि मी मान हलवली.

वकिलांनी विचारलं आणि मी सांगितलं. आवाज इतका बारीक निघत होता की साहेब दोनदा "मोठ्याने बोला बाई" म्हणाले. टपावर बांधायचं नव्हतं, पायाशी ठेवायचं नव्हतं, म्हणून शिटावर बसवल्या, असं सांगितलं. मागे बसलेली ड्रायव्हर पोरं हसायला लागली. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिल्यावर थांबली.

साहेब हवालदाराला म्हणाले, "तुम्ही मोजलं तेव्हा तोंडं पाहिली नाहीत?"

हवालदार वयस्कर होते. म्हणाले, "साहेब, बायामाणसं पदर घेऊन बसलेली. पडदा वर करून मी काय निरखत बसू? पाच जणी दिसल्या, पडदा सोडला. एक जण बोलली न्हाई."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही का नाही सांगितलं, की ह्या मूर्ती आहेत?"

"मला कुणी विचारलंच न्हाई," मी म्हणाले. ते कसं कोण जाणे मोठ्याने निघालं.

साहेबांनी ते लिहून घेतलं. "बरं. त्या झाकल्या कशानं होत्या?"

"जुनी इरकल होती. जांभळी. एकच होती, दोघींवरून मिळून घातली."

तेव्हा हवालदारांनी मान वर केली. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, एक सांगू? त्या दोघी एका पदराखाली होत्या. मला चांगलं आठवतंय. मी मनात म्हणलं, मायलेकी असतील, पावसाची थंडी वाजत असंल." आणि पुढे म्हणाले, "ही बाई म्हणती ते खरं असणार. माझ्या घरी पण लक्ष्म्या असतेत साहेब. मलाच कळायला पायजे होतं."

त्यांना गप्प राहता आलं असतं. ते गप्प राहिले नाहीत, हे मी आजवर विसरले नाही.

साहेबांनी थोडं काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की केस सुटली. भाऊजींना म्हणाले, "लायसन घेऊन जा. आणि ऐक, पुढच्या वेळेला मागे लक्ष्म्या नसतील, माणसंच निघतील."

बाहेर लिंबाखाली भाऊजींनी ते लायसनचं लहान पुस्तक माझ्या हातात दिलं. आतल्या फोटोत त्यांनी ह्यांचा शर्ट घातला होता, कॉलर मोठी आणि मान बारीक. "घरापर्यंत तुमीच धरा वहिनी," ते म्हणाले. मी ते पदरात बांधलं. त्या दिवशी भाऊजींनी मला पुढच्या शिटावर बसायला सांगितलं, पण मी मागेच बसले, माझ्या रोजच्या जागी.

तालुक्याच्या स्टँडवर जीप भरायला लागली. भाऊजी सवयीने ओरडत होते, "चला नांदूरघाट, चला, एक शीट, एकच शीट!" एक आला. मग दुसरा आला. एका म्हाताऱ्या बाबांना त्यांनी मधल्या बाकड्यावर कोंबलं. मग एक गडी स्वतःच्या शिटावर घ्यायला ते दाराकडे सरकायला लागले.

मी मागे मोजत होते. पदरातल्या गाठीवर माझा हात होता.

"भाऊजी," मी म्हणाले. "भरली गाडी."

सगळे मागे वळून बघायला लागले. माझे कान गरम झाले, तरी मी मान खाली घातली नाही. भाऊजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग त्या गड्याला म्हणाले, "पाव्हणं, मागच्या जीपनं या. आमच्या गाडीत लक्ष्मी बसलीय, ती नको म्हणती."

आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आतल्या बाजूने, सरळ बसून.