मार्थाचा गुच्छ आणि आमचे नक्षीकाका

जगातली प्रत्येक वस्तू जरा चुकीच्या आकाराची आहे आणि ती नीट करण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. सोलापूरच्या ज्या गिरणीत मी हजेरीचा कारकून होतो, तिथे हे काका लुगड्यांच्या काठापदरांची नक्षी चौकटीच्या कागदावर काढत. पंगतीत बसले की आधी पानातली चटणी दोन बोटं खाली सरकवायचे, कोशिंबीर वर घ्यायचे, आणि आपलं पान मनासारखं झालं की शेजाऱ्याच्या पानात हात घालायचे. एकदा बाजारात दुधनी गावच्या एका बाईच्या पदराकडे ते इतका वेळ टक लावून उभे राहिले, की तिचा नवरा काठी घेऊन पुढे आला. "काय बगतोस रं?" काका शांतपणे म्हणाले, "मोर बगतोय. डावीकडच्या मोराचा पाय एक चौकट आखूड हाय." नवऱ्याने काठी काखेत घातली, पदर हातात घेऊन दोन्ही मोर ताडून पाहिले आणि म्हणाला, "व्हय की. लंगडाच दिला की मला त्यानं." मग दोघे मिळून त्या दुकानदाराशी भांडायला गेले आणि मी पिशव्या सांभाळत मागून गेलो.

अशा माणसाच्या तावडीत एका लग्नाचा गुच्छ सापडला. काकांचे नक्षीतले जोडीदार ख्रिस्ती होते. पंचवीस वर्षं दोघांनी एका टेबलाशी समोरासमोर बसून काम केलं. ते वारले, आणि दोन वर्षांनी त्यांच्या एकुलत्या मुलीचं, मार्थाचं, लग्न ठरलं. त्यांच्यात बाप मुलीला हाताशी धरून देवळाच्या दारापासून पाळकसाहेबांपुढे नेतो. मार्थाने काकांना विचारलं, "काका, तुमी न्याल का मला?" काकांचा चेहराच उतरला. "ती जागा त्याची हाय, पोरी. तितं मला उभं ऱ्हावणार न्हाय." ती म्हणाली, "मग मी एकटीच जाईन." तेव्हा काका कसेबसे म्हणाले, "तुझा हात रिकामा दिसणार न्हाय, एवढं माझ्याकडं लागलं." ख्रिस्ती नवरीच्या हातात फुलांचा गुच्छ असतो, तो करून द्यायचा पत्कर त्यांनी घेतला.

झालं, त्या दिवसापासून गिरणीत दुसरा विषय नाही. मिशनच्या मडमेकडून त्यांनी गुच्छांच्या चित्रांचं पुस्तक आणलं आणि दुपारच्या सुट्टीत मला पांढरी चादर पांघरवून नवरी केलं, कारण म्हणे "उंचीनं तू तिच्याएवढाच हायस". गोल गुच्छाच्या जागी माझ्या हातात कोबी आला. "चाल. सावकाश. पोटाशी धर." मी चाललो. "छे, मंडईतनं आल्यागत दिसतंय." हातावर आडवा घ्यायचा गुच्छ म्हणून कडब्याची पेंढी दिली, तर मी बैलांना वैरण टाकायला निघाल्यासारखा दिसलो. लोंबत्या गुच्छासाठी पाल्यासकट मुळ्यांची जुडी आणली. "पोरगी ठेंगणी. तिच्याआदी गुच्छच जमिनीला लागंल." खिडकीत मागांवरचे साचेवाले जमले, त्यांच्यात गोल आणि लोंबता असे दोन तट पडले आणि सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी कोणी हलेना. मला स्वतःला कोबी बरा वाटत होता, पण नवरीला विचारतो कोण. चौथ्या दिवशी काका धावतच माझ्या टेबलाशी आले. पिंपळपान. वर रुंद, खाली निमुळतं, ठेंगण्या मुलीला उंची देणारं. त्यांनी एकेक फूल मोजून तो आकार कागदावर उतरवला आणि फुलाऱ्याला दम भरला, "कागदात हाय तसं कर. एक पाकळीसुदिक इकडं तिकडं न्हाय पायजे."

लग्नाच्या सकाळी देवळाबाहेर लिंबाखाली फुलाऱ्याने ओला फडका बाजूला केला. मोगरा, निशिगंध, कडेने मरवा. काम इतकं सुरेख की बघत राहावं. फक्त गुच्छ अर्धाच होता. एक बाजू पिंपळपानाची, दुसरी सुरीने कापल्यासारखी सरळ सपाट. "कागदात असंच हाय की," फुलारी म्हणाला आणि त्याने कागद पुढे केला. खरोखरच तसं होतं. नक्षीच्या धंद्यात दोन्ही बाजू सारख्या असल्या की अर्धीच काढतात, उरलेली अर्धी माग आपली आपण विणतो. हाताच्या सवयीने काकांनी उजवी बाजू काढून खाली सही ठोकली होती, आणि फुलाऱ्याकडे माग नव्हता.

आत पेटी वाजू लागली होती. जादा फुलं नव्हती, आणायला वेळही नव्हता. काका पायरीवर बसले आणि म्हणाले, "त्याच्या पोरीचा हात मी अर्दा रिकामा ठेवला." मला हसू आलं होतं, ते तिथल्या तिथे विरून गेलं.

एवढ्यात मार्था आली. तिने गुच्छ हातात घेतला, फिरवून पाहिला, नक्षीवाल्याचीच मुलगी ती. "काका, सपाट बाजू माझ्या उजवीकडं येती. तितं कुणी चिकटून चाललं, तर कुणाला कळायचं न्हाय."

"मग बोलव की कुणाला तरी."

"कुणाला बोलवू?"

काका उठले, कोटाची बाही खाली ओढली, डावा हात कोपरात वाकवला आणि तिच्या उजवीला जाऊन उभे राहिले. तिने हात त्यांच्या हातात अडकवला. गुच्छाची सपाट बाजू बाहीला घट्ट बसली. "जरा वर धर," ते म्हणाले, आणि दोघे आत गेले. वाटेत एका पाहुण्याची छत्री बाकाला तिरपी टेकलेली होती. काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, यावरून काय ते ओळखावं. पाळकसाहेबांनी विचारलं, "ह्या मुलीला कोण देत आहे?" काकांचा आवाज मागच्या बाकापर्यंत आला. "हिचा बाप देतोय. मी निस्ता पोचवायला आलोय." माझे डोळे भरून आले, आणि एकट्याचेच नाही.

दुपारच्या गाडीने मार्था सासरी गेली. स्टेशनवरून आम्ही दोघे चालत परतलो. कधी नव्हे ते काकांनी रस्त्यातली एकही वस्तू नीट केली नाही. त्यांचा डावा हात मात्र अजून तसाच कोपरात वाकलेला होता. मला त्यांची फार माया वाटली. घर येईपर्यंत त्यांनी तो हात सरळ केला नाही, आणि मलाही त्यांना सांगवलं नाही.