बुडवून ठेवलेली होडी

२०२२ साल. मला त्र्याहत्तरावं चालू होतं. त्या साली मी भालकी तालुक्यात होडी विकायला काढली, म्हणून लोक अजून हसतात. हसू द्या. दुसऱ्या कुणी काढली असेल तर दाखवा.

मी बैलगाड्या करणारा माणूस. शाळा दुसरीपर्यंत, पुढं मास्तरनं मला सोडलं आणि मी मास्तरला. त्या उन्हाळ्यात लेकीच्या घराला चौकटी करायच्या म्हणून हैदराबादच्या जुन्या लाकडाच्या बाजारात गेलो, तर मोडक्या दारांच्या ढिगाखाली ही पालथी पडलेली. लांब, निमुळती, पोटाला एक गाठ न्हाई असलं सागवान. व्यापारी म्हणाला, तलावावरच्या शर्यतीची आहे, फोडून देऊ का? मी हात फिरवला आणि म्हणालो, फोडायची न्हाई. लेकीच्या चौकटी मग कडुलिंबाच्या झाल्या. लेक काही बोलली न्हाई, जावई अजून बोलतो.

पावसाळाभर ती शेतातल्या पत्र्याच्या शेडात होती. कुजक्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या, तासून घासून तेल पाजलं. शीड चिंध्या झालं होतं, ते भालकीला ताडपत्री शिवणाऱ्याकडून नवं करून घेतलं. तो विचारायचा, "अप्पा, तीन कोनाचं कापड कशाला? कसला मांडव घालायलाव?"

कारभारणीला शेड मोकळं पाहिजे होतं. "आवं, तूर निघायला आली. रास काय होडीत टाकू?"

म्हणून विकायला काढली. लेकीनं फोनवर फोटो टाकला आणि खाली मी सांगितलं तेवढंच लिहिलं: शर्यतीची होडी, सागवानी, पाण्यात चालवणाऱ्यालाच मिळेल.

पहिला आला तो हुमनाबाद रस्त्याचा मंगल कार्यालयवाला. त्याला स्टेजवर नवरा-नवरी बसवायला पाहिजे होती.

"अप्पा, खालून निळी लाइट सोडतो, वरून धूर सोडतो. खरं पाणीच वाटतंय बघा."

"मग खरं पाणीच कामून नको?"

"नवरीचा शालू भिजतोय की."

मी नको म्हणालो. तो सांगितल्या भावाच्या वर चढला. तरी नको म्हणालो. कारभारणीनं माझ्याकडं असं बघितलं की मी शेडात जाऊन होडीतच बसलो. तिथं ठरवलं, ही पाण्यात जाणार, न्हाईतर कुठंच जाणार न्हाई.

मग हैदराबादच्या एका बाईंचा फोन आला. साठीच्या असतील. मराठीच, बोलणं जवळपास आमच्यासारखं. तरुणपणी अशाच होडीत शर्यती केलेल्या. "अप्पा, पाणी तर घेत न्हाई ना?"

"थेंब घेत न्हाई," मी म्हणालो. पाण्यात घातलीच नव्हती, तर घेणार कुठून?

आमचं शेत कारंजा धरणाच्या फुगवट्याला लागून. त्या येणार म्हणल्यावर गाडीवर घालून होडी पाण्यात सोडली. थेंब कुठला, घागरीनं पाणी आत यायला लागलं. फळ्या वाळून सांधे उघडले होते. गाडीचं चाक उन्हाळ्यात असंच खिळखिळं होतं. तेव्हा आम्ही काय करतो? ओढ्यात बुडवून ठेवतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, चाक घट्ट होतं. मी होडीत दगड भरले आणि कमरेएवढ्या पाण्यात तिला तळाला नेऊन बसवली. सांधे मिटले का न्हाई ते वर काढल्यावरच कळणार होतं, आणि तोवर बाई येऊन थडकल्या. त्याही वेळ अमावस्येच्या सणाला.

त्या दिवशी आमच्याकडं गाव रिकामं आणि शिवार भरलेलं. कडब्याची कोप, कोपीत पूजेला दगडांचे पाच पांडव, आणि बांधावरून जाणारा परका असला तरी हाक मारून जेवू घालायचं. उपाशी सोडायचं न्हाई. हा रिवाज मला दरसाल गोड वाटतो, पण त्या साली जरा जास्तच वाटला.

"होडी कुठाय?" बाईंनी आल्या आल्या विचारलं.

"अंघोळीला गेलीय," कारभारीण म्हणाली.

"आधी जेवा, अक्का," मी म्हणालो.

शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, आणि वर आंबील. बाईंचा पेला उतरला की मी भरायचो. त्या जेवढं जेवतील तेवढा वेळ तिकडं लाकूड पाणी पीत होतं.

"अप्पा, तुम्ही मलाच बुडवायलाव," त्या म्हणाल्या. हात धुतला आणि थेट पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. पाणी नितळ होतं. होडी दिसली. मी दुसरीकडं बघायला लागलो. वाटलं, आता ह्या आल्या वाटेनं परत जाणार.

बाईंनी सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि पाण्यात शिरल्या.

"कधीपासून बुडवलीय?"

"परवापासून."

"बरं केलाव. पण दगड सगळे मध्ये कामून टाकलाव? दोन्हीकडं वाटून टाकायचे."

"आमच्याकडं मध्येच टाकतात."

"तुमच्याकडं होड्या किती हाईत?"

काठावर कारभारीण एवढी हसली की तिच्या हातातली आंबील सांडली.

दगड काढले. होडी हलली, वर आली. मी डबड्यानं पाणी उपसलं, तळ फडक्यानं पुसला आणि बघत बसलो. बाईही बघत बसल्या. पुन्हा पुसला. फडकं कोरडं. आयुष्यात गाड्या किती केल्या, चाकं किती बसवली, पण कोरडं फडकं हातात घेऊन एवढा आनंद मला कधी झाला न्हाई. तो मी दाखवला न्हाई, ही गोष्ट वेगळी.

"बसा," बाई म्हणाल्या.

मला पोहायला येत न्हाई. ते सांगायची ती वेळ नव्हती. बसलो. त्यांनी शीड चढवलं, दोरी ओढली, वारा भरला, आणि कोप, तूर, कारभारीण सगळं मागं सरकायला लागलं. बैलगाडी चालली की करकरते, खडखडते. ही निघाली तर निघाल्याचंसुद्धा कळेना. फक्त पोटाखाली पाणी हळू हळू बोलत होतं.

मधेच त्यांनी सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. मी कासरा धरावा तसा धरला. समोर धरणात बुडालेल्या बाभळींचे शेंडे. उजवीकडून काढावं म्हणून दांडा उजवीकडं ओढला. होडी डावीकडं, थेट बाभळीकडं. अजून जोर लावला.

"अप्पा, उलटं करा."

"उजवीकडंच ओढायलोय की."

"म्हणूनच डावीकडं जायलीय."

शेंड्यावरचे बगळे उठले, शीड काट्यात गुंतलं आणि आम्ही थांबलो. बाईंना हसू आवरेना.

"असला बैल असता तर मी कवाच विकला असता," मी म्हणालो.

"मग विका की."

सौदा तिथंच बाभळीत झाला. भाव मी बोललो तोच, त्यांनी ओढला न्हाई.

"कुठं चालवणार?"

"आमच्या तलावात. शर्यतीला उतरवणार."

"हरली तर?"

"तर तुमच्यामुळं."

"आणि जिंकली तर?"

"तरी तुमच्यामुळंच. पण ते मी कुणाला सांगणार न्हाई."

रात्री त्या आमच्याच घरी राहिल्या. कारभारीण आणि त्या बराच वेळ बोलत होत्या. कुणाबद्दल ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैल जुंपले. काळ्या रानात टेम्पो येत न्हाई. होडी ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीवर घातली, पक्क्या रस्त्याला टेम्पोवर चढवली आणि ड्रायव्हरला बजावलं, वाटेत दोनदा पाणी मार, वाळू देऊ नको. बाई पुढं बसल्या, हात केला, टेम्पो गेला. मी रिकामी गाडी घेऊन परतलो. आमच्या शेताच्या वळणाला उजवीकडं वळायचं होतं. मी डावा कासरा ओढला. बैल बिचारे डावीकडं वळले आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरले.

"अप्पा, कुठं निघालाव?" तो बांधावरून ओरडला.

"उजवीकडं," मी म्हणालो.